ऐरोलीची फ्लेमिंगो बोट सफारी आणि स्नॉर्कलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीची चाहूल लागली की ठाणे, कळवा, वाशी, नेरुळ अशा सगळीकडून मला मेसेज येऊ लागतात. ऐरोलीत राहतो, दर हंगामात खाडीत जातो, ओळखीच्यांना आणि त्यांच्या ओळखीच्यांना घेऊनही जातो, म्हणून. दरवर्षी तेच प्रश्न येतात, तेव्हा यंदा उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. तिकिटाचे दर आणि वेळा बदलत असतात, म्हणून ते इथे दिलेले नाहीत. बुकिंग करताना ते बघावेत.

1. ही सफारी नक्की कुठून सुटते? ठाण्याहून कसं यायचं?

ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी आणि किनारी जैवविविधता केंद्र आहे, तिथून. सेक्टर 10 मध्ये, दिवानगरच्या बाजूला, खाडीच्या अगदी काठावर. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची वाशी किंवा पनवेल लोकल पकडा. दिघा गाव गेलं की पुढचं स्टेशन ऐरोली. तिथून रिक्षा. मुलुंडहून येणाऱ्यांना ऐरोली पूल ओलांडला की केंद्र जवळच आहे.

केंद्रात प्रदर्शन आहे, कांदळवनातून जाणारी लाकडी पायवाट आहे. बोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि ते सगळं आधी बघून घ्या. बोटीतून आल्यावर बघू म्हणतात ते बहुतेक बघत नाहीत, ऊन लागलेलं असतं आणि भूकही.

2. फ्लेमिंगो कधी असतात? दिवाळीच्या सुट्टीत आलो तर दिसतील का?

साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर, मेअखेरीस, बहुतेक परततात. दिवाळीत दिसले तर थोडे दिसतील. नक्की बघायचे असतील तर जानेवारी ते एप्रिल. जानेवारीत हवा बरी असते, मार्च-एप्रिलमध्ये थवे मोठे असतात पण ऊन भाजून काढतं. लहान मुलं बरोबर असतील तर मी जानेवारी-फेब्रुवारी सांगतो.

काही पक्षी, विशेषतः वयात न आलेले, पावसाळ्यातही मागे राहतात. पण त्यांच्यासाठी म्हणून जुलैत येऊ नका.

3. फ्लेमिंगो बघून झाले की तिथेच खाडीत स्नॉर्कलिंग करता येतं का?

नाही. हा प्रश्न आता इतक्यांदा येतो की तो मुद्दाम वर घेतला. ठाणे खाडीचा तळ गाळाचा आहे. पाणी इतकं गढूळ की हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. वर शहरांचं सांडपाणी खाडीत येतं. पाण्यात उतरायची परवानगी नाही, आणि असती तरी मी उतरू नका म्हणालो असतो. ओहोटीला दिसणारा चिखल वरून टणक वाटतो, पाय ठेवला की मांडीपर्यंत आत जातो.

स्नॉर्कलिंग म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं. त्याला स्वच्छ पाणी, खडकाळ तळ आणि प्रवाळ लागतात. महाराष्ट्रात त्यासाठी मालवण. त्याची माहिती प्रश्न 13 पासून पुढे आहे.

4. बोटीची वेळ रोज वेगळी का? आम्हाला रविवारी सकाळी 10 ची हवी आहे.

कारण बोट घड्याळावर सुटत नाही, पाण्यावर सुटते. एवढी एक गोष्ट समजली की बाकीचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

खाडीत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. दोन्ही रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकतात. पूर्ण ओहोटीला जेट्टीपाशी पाणीच नसतं, बोट गाळात रुतते. पूर्ण भरतीला पाणी भरपूर असतं, पण गाळाची मैदानं बुडालेली असतात. फ्लेमिंगो खातात त्या गाळावरच, त्यामुळे तेव्हा ते खाडीत थांबत नाहीत. मग हाती राहतो तो मधला वेळ: पाणी बोटीला पुरेसं चढलेलं आणि गाळाच्या कडा अजून उघड्या. हा वेळ दीड-दोन तासांचाच असतो.

म्हणून ‘आम्ही निघालोय, पंधरा मिनिटं थांबवा ना बोट’ हा फोन कुणी करू नये. दोन वर्षांपूर्वी एका शाळेची बस पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये चाळीस मिनिटं अडकली. मुलं धावत जेट्टीवर आली तेव्हा पाणी उतरलं होतं आणि बोट हलण्यासारखी नव्हती. त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. दोष कुणाचाच नव्हता, पण तेव्हापासून मी सगळ्यांना एक तास आधीची वेळ सांगतो.

5. भरतीची वेळ आपली आपण कशी काढायची?

भरतीचे छापील तक्ते आणि ॲप मिळतात, बुकिंगसाठी तेच वापरा. पण आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब इतका सोपा आहे की तो माहीत असायलाच हवा. तिथीला पाऊणने गुणायचं. येईल तो भरतीचा तास.

आज द्वादशी आहे समजा. बारा पाऊणे नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पूर्ण भरती, आणि रात्री पुन्हा साडेनऊच्या सुमारास. ओहोटी साधारण सहा तासांनी, दुपारी तीनला. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. त्या रविवारी सकाळी 10 ची बोट का मिळत नाही ते इथे कळतं. तिथी शुद्ध पक्षातली असो की वद्य, हिशोब तोच.

हा हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय ऐरोली खाडीत बरंच आत असल्यामुळे मुंबई बंदरापेक्षा भरती इथे थोडी उशिरा पोहोचते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी कमी हलतं. दिवा, गोठिवली या इथल्या गावांतल्या कुठल्याही कोळीदादाला विचारा, तो कॅलेंडरकडे एक नजर टाकून सांगेल.

6. मग पूर्ण भरतीला एवढे पक्षी जातात कुठे?

आजूबाजूच्या पाणथळ जागांवर. नेरुळचा डीपीएस तलाव, सीवूड्सच्या एनआरआय संकुलामागची आणि टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ, अशा ठिकाणी उथळ पाण्यात एका पायावर उभे राहून ओहोटीची वाट बघतात. खाडी ही त्यांची खाणावळ असेल तर हे तलाव म्हणजे ओसरी. एक बुजवलं की दुसऱ्याचा उपयोग अर्धा होतो. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची हद्द खाडीपुरती आहे, पक्ष्यांचा दिवस मात्र त्या हद्दीत मावत नाही. नेरुळ-सीवूड्सच्या या जागांसाठी नवी मुंबईकर इतक्या तळमळीने भांडतात ते म्हणूनच.

ज्यांना बोट जमत नाही त्यांनी भरतीच्या वेळी याच तलावांच्या काठावर जावं. पैसे लागत नाहीत, पक्षी जवळून दिसतात. कुत्रा सोबत नेऊ नये.

7. बोट किती जवळ नेतात? उडणारा थवा बघायचाय, जरा हॉर्न वाजवून उडवता येईल का?

अजिबात नाही, आणि कुणी नाखव्याला जास्तीचे पैसे देऊ केले तर बाकीच्यांनी तिथेच अडवावं.

उडणं पक्ष्याला महाग पडतं. इथे ते चार-सहा महिने खाऊन अंगावर चरबी चढवतात आणि त्या शिदोरीवर परतीचा प्रवास करतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 2022 मध्ये इथल्या काही फ्लेमिंगोंना सॅटेलाइट टॅग लावले तेव्हा ते गुजरातकडे जाताना नकाशावर दिसले. दिवसातून पाच बोटींनी पाच वेळा उठवलं तर ती शिदोरी इथेच सरते.

जाणता नाखवा लांबूनच इंजिन बंद करतो आणि बोट पाण्यावर वाहू देतो. मग तुम्ही फक्त माना बघा. सगळ्या चोची खाली असतील तर सगळं ठीक. पाच-दहा माना एकदम ताठ झाल्या की बोट पुरेशी जवळ आली. सगळा थवा एकाच दिशेने चालायला लागला की बोट जास्तच जवळ गेली, मागे फिरायचं. इंजिन थांबल्यावर एक आवाज येतो, शेकडो चोचींतून पाणी गाळल्याचा बारीक चुबुकचुबुक आणि मध्येच हंसासारखी घोगरी साद. बोलत राहणाऱ्या बोटीला तो कधीच ऐकू येत नाही.

आणि थवा आपला आपण उडतोच. पाणी चढत आलं की एक तुकडी उठते, पंखांखालचा लाल-काळा रंग उघडतो. त्याची वाट बघावी.

8. दोन प्रकारचे फ्लेमिंगो असतात म्हणे. ओळखायचे कसे?

चोच बघा. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. लहान रोहितची चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. मोठा जवळजवळ माणसाच्या छातीएवढा उंच, अंगाने पांढरट. लहान त्याच्या खांद्याला लागेल एवढा, पण रंगाने जास्त गुलाबी. ठाणे खाडीत गर्दी लहान रोहितचीच असते. जगाच्या लाल यादीत तो संकटाच्या उंबरठ्यावरच्या पक्ष्यांमध्ये मोडतो, म्हणून या खाडीला एवढं महत्त्व. अग्निपंख हे नावही तुम्ही वाचलं असेल, ते याच पक्ष्याचं.

9. काही पक्षी करडे-पांढरे का? आजारी आहेत का?

नाही, ती पिल्लं आहेत. फ्लेमिंगो जन्मतः गुलाबी नसतो. लहान रोहित निळं-हिरवं शेवाळ खातो, मोठा रोहित गाळातले बारीक कवचधारी जीव, अळ्या, शिंपले. त्या खाण्यातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं पिसांत उतरतात. पुरता रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात. इथे दिसणारी पिल्लं इथे जन्मलेली नसतात. घरटी कच्छच्या रणात, चिखलाच्या छोट्या बुरुजांसारखी. ठाणे खाडीत ते फक्त खायला येतात.

चोच उलटी करून खातात ते नीट बघा. डोकं पायांत घालून, वरची चोच खाली. आत कंगव्यासारखी चाळण असते, जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी पाणी आत-बाहेर करते आणि शेवाळ चाळणीत अडकतं. ओहोटीला गाळावर गोल गोल चर दिसले तर समजा, पक्षी एका जागी उभा राहून स्वतःभोवती फिरत चरून गेलाय.

10. पाणी एवढं घाण, तरी ते इथेच का येतात? म्हणजे प्रदूषण त्यांना चालतं का?

इथे फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागले ते 1990 च्या दशकापासून. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे शेवाळ फोफावतं आणि शेवाळ म्हणजे लहान रोहितचं जेवण, हे खरं आहे. गाळाची विस्तीर्ण मैदानं आणि काठाचं कांदळवन ही दुसरी कारणं. पण यातून सांडपाणी चांगलं असा अर्थ कृपा करून काढू नका. त्याच पाण्यातून कारखान्यांचं सांडपाणी आणि प्लास्टिकही येतं, आणि त्याच पाण्यावर कोळ्यांची जाळी पडतात. जिताडा, बोईट, चिंबोरी पूर्वी किती मिळायची ते दिवा गावातल्या कुठल्याही आजीला विचारा.

अभयारण्य 6 ऑगस्ट 2015 ला जाहीर झालं. 1690 हेक्टर, त्यात जवळपास 896 हेक्टर कांदळवन आणि उरलेलं पाणी. 2022 मध्ये खाडीला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरं स्थळ.

11. फ्लेमिंगो दिसलेच नाहीत तर पैसे वाया?

मला हा प्रश्न खरंच लागतो, म्हणून सविस्तर सांगतो. काठच्या गाळात निवट्या बघा, मासा असून परांवर रांगणारा, उड्या मारणारा. फिडलर खेकड्याचा नर आपला एकच अवाढव्य नांगा मादीला खुणावत वरखाली करतो, हजारो नांगे एकदम हलतात. शेकाट्या लांब लाल पायांवर फिरतो. कुरव बोटीमागे येतात, त्यांना शेव-गाठी टाकू नयेत. थापट्या आणि तलवार बदकांचे थवे, रंगीत करकोचे, समुद्र बगळे, वर ब्राह्मणी घार. नशीब असेल तर मासा पकडायला झेपावणारा मीनखाई गरुड. संध्याकाळच्या बोटीला कांदळवनाच्या कडेला सोनेरी कोल्हाही कधी दिसतो.

आणि झाडं. तिवराचं एक पान तोडू नका, फक्त खालून बोट फिरवून जिभेला लावा. खारट. झाड मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली टोकं ही त्याची श्वासमुळं, त्यावर बोट घासली की झाड गुदमरतं. चिप्पी, म्हणजे पांढरी चिप्पी, 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.

12. लहान मुलं, आजी-आजोबा चालतील का? आणि कॅमेरा?

चालतील. खाडीत लाटा जवळजवळ नसतात, बोट लागणं क्वचितच. लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं, बाळाच्या मापाचं नसेल तर बाळाला नेऊ नका. बोटीत शौचालय नाही, केंद्रातलं वापरून निघा. चढताना-उतरताना जेट्टी निसरडी असते, ज्येष्ठांनी मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालावेत. टोपी, पाणी, फिके कपडे.

ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे. त्यामुळे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी आणि भांडुपच्या बाजूच्या पक्ष्यांवर उजेड. फोटोसाठी सकाळच बरी. दुर्बीण 8 पटीची घ्या, हलत्या बोटीत 10 पटीची थरथरते. ड्रोन अभयारण्यात चालत नाही.

13. स्नॉर्कलिंगसाठी मालवणला कधी जावं? ठाण्याहून कसं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम, तेव्हा पाणी निवळलेलं असतं. मार्च-एप्रिलही चालतं. पावसाळ्यात बंद. ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी पकडा, कुडाळला उतरा, पुढे मालवणपर्यंत एसटी किंवा रिक्षा. रिझर्व्हेशन जेवढं आधी तेवढं बरं, शनिवार-रविवारचं लगेच संपतं.

बोटी तुम्हाला कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ किंवा तारकर्लीच्या बाजूला नेतात. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं, आणि तटाखालच्या त्याच खडकांवर आज प्रवाळ आहेत. मालवण सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. सकाळी लवकरची बोट घ्या. दुपारी वारा सुटतो, पाणी ढवळतं आणि खालचं दिसेनासं होतं. पहाटे वाटेत डॉल्फिनही दिसतात, त्यांच्या मागे बोट पळवायला सांगू नका.

प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो प्राणी आहे. त्यावर उभं राहू नका, हात लावू नका. वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर, आणि तुटायला एक टाच पुरते. माशांना पाव खायला घालून फोटो काढतात, तेही टाळा.

14. पोहता येत नाही, चष्मा आहे, मिशा आहेत. जमेल का?

पोहता न येणारे लाइफ जॅकेट घालून, गाइडचा हात धरून करतात, अगदी रोज. पण आधी कंबरभर पाण्यात मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायचा सराव करा. घाबरायला होतं ते पाण्याने नाही, नाकाने श्वास घ्यायची सवय सुटत नाही म्हणून.

चष्म्यावर मास्क बसत नाही. नंबरचा मास्क मिळतो का ते आधी फोनवर विचारा. मिशीतून पाणी शिरतं हे खरं आहे. नाकाखालची मिशी थोडी कापली किंवा तिथे व्हॅसलिन लावलं तर मास्क नीट चिकटतो. काच धूसर होऊ नये म्हणून आतून थुंकी लावून खळबळून घेतात, किळस करू नका, सगळे करतात. दमा, फिट, हृदयाचा त्रास किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मालवणची बोट डोलते, बोट लागत असेल तर भरपेट नाश्ता नको, उपाशीही नको.

15. एका दिवसात दोन्ही होईल का?

नाही. ऐरोली ते मालवण रात्रभराचा प्रवास आहे. शनिवारी भरतीप्रमाणे सकाळी खाडी, रात्री ठाण्याहून गाडी, रविवारी मालवण, असं जमतं, पण दमछाक होते. मी दोन वेगळ्या शनिवार-रविवारी करायला सांगतो.

16. जखमी फ्लेमिंगो दिसला किंवा पायात कडी असलेला दिसला तर काय करायचं?

जखमी असेल तर वन विभागाची हेल्पलाइन 1926 ला फोन करा, जागा नीट सांगा. पाणी पाजू नका, कडेवर घेऊन सेल्फी काढू नका. लांबून उभे राहा आणि कुत्री-कावळे हाकलत राहा, तेवढीच खरी मदत. रात्री दिव्यांनी किंवा धुक्याने वाट चुकलेले पक्षी सोसायटीच्या आवारातही उतरतात. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून 39 फ्लेमिंगो एकाच रात्री मेले, तेव्हा त्यांचे तुकडे लोकांच्या दारात पडले होते. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यालाही हात लावू नका.

पायात कडी असेल तर रंग कोणता, कोणत्या पायात आणि त्यावरची अक्षरं काय, एवढं तिघांनी वेगवेगळं वाचून लिहा, फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला तारीख, वेळ, जागेसह कळवा. अक्षर अर्धवट दिसलं तर तसं अर्धवटच लिहा, अंदाजाने पुरं करू नका.